आबांनी टाकलेली मूठ

पाचोऱ्याच्या फलाटावर आबा माझ्या बॅगेकडे बघतच नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. पोरगी पुण्याला नोकरीला चालली म्हणून त्यांनी बाजारातून नव्या चपला घेऊन दिल्या होत्या आणि त्या चावतात का, याचीच त्यांना काळजी. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे आईने विचारायचं ते सगळं आबाच विचारत. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कानबाईले ये."

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघाले आणि ज्यांची मुलं आता कानबाई म्हणजे काय विचारतात, त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आपल्याकडे कानबाई देवी बसते तेव्हा सगळे भाऊबंद एका घरात जमतात. घरातला मोठा माणूस सुपात गहू घेतो आणि कुळातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन एकेक मूठ टाकतो. त्याच गव्हाचे जाड, गोड रोट होतात. ते रोट फक्त कुळातल्यांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही. पाहुण्यांसाठी वेगळी पुरणपोळी असते. बायकांच्या नावाची मूठ नसते. मुलगी तर काय, लग्न झालं की दुसऱ्या कुळातली.

मी कानबाईला गेले नाही. पुण्यात वर्षही काढलं नाही, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर चार दिवस म्हणून गोव्याला गेले ती तिथेच राहिले. कारण मला लेना भेटली. जर्मनीची, साठीची, पांढऱ्या जटा, अनवाणी पाय, आणि चालणं असं की जगात कुणाचं काही देणं लागत नाही. घर ही नुसती मनाची सवय आहे, असं ती म्हणायची. मला वाटलं, बाई असावी तर अशी. लग्नाला नाही म्हटलं म्हणून भावाने बोलणं टाकलेलं, नातेवाईक नाकं मुरडणारे, आणि ही बाई कुणालाच विचारत नाही!

मग काय, मी लेनाच व्हायला घेतलं. केसांच्या जटा केल्या. तिच्यासारखं सावकाश हसायला शिकले. तिने मला मून नाव दिलं, ते मिरवलं. गंमत अशी, की गावात जोडवी घालायची वेळ येऊ नये म्हणून मी पळाले होते, आणि इथे लेनाच्या पायात जोडवी दिसली तर दुसऱ्याच दिवशी बाजारातून घेऊन घातली. अक्कल अशी गहाण पडते, आणि वर तिला स्वातंत्र्य म्हणायचं.

आबांना फोनवर नवं नाव सांगितलं. ते म्हणाले, सुनंदा मा काय वाईट व्हतं? मी अनवाणी चालते हे त्यांना वहिनीच्या मोबाईलवरच्या फोटोत दिसलं. पंधरवड्यात पार्सल आलं. आत चपला, माझ्याच मापाच्या. उन्हाळ्यात कापसाच्या वावरात उघड्या पायांनी राबलेला माणूस तो. पाय पोळतात म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. चपला मी खाटेखाली सरकवल्या. लेना काय म्हणेल, याची लाज वाटली.

एका हिवाळ्यात लेनाच्या आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. लेना दुपारी सलूनमध्ये गेली आणि जटा कापून, शँपू करून, बंद बूट घालून आली. मी म्हटलं, हे काय? ती अगदी सहज म्हणाली, आईला मी तशी आवडत नाही. आणि तिच्या घरी जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची आहे, ती अजून कुणी हलवलेली नाही. गेली ती गेली. इतकी वर्षं मी जिची नक्कल करत होते तिच्याकडे परतीचं तिकीट होतं हो! तिची खुर्ची तिकडे शाबूत होती, म्हणून तिला इकडे बेघर होऊन हिंडणं परवडत होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. राग अजून आहे, तिच्यावर थोडा आणि माझ्यावर जास्त.

त्यानंतर जटा मीही कापल्या. किनाऱ्यापासून आत, रस्त्यालगत छोटी खानावळ काढली. शेवभाजी, वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पाटीवर सुनंदा असंच नाव. गिऱ्हाइकाशी मराठी, हिंदी, इंग्लिश, कोकणी, काय जमेल ते बोलते, पण तव्यावर बोट भाजलं की तोंडातून अहिराणीच निघते. कुणासारखं होण्यापेक्षा हे सोपं पडलं. आबांना सांगितलं तर खूश झाले. कानबाईला ये म्हणाले. त्या श्रावणात गिऱ्हाईक बरं होतं, म्हटलं पुढच्या वर्षी नक्की येते.

पुढचा श्रावण त्यांनी बघितला नाही. छातीत दुखलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा फक्त तोंड बघायला मिळालं. दहाव्यानंतर मी भांडी विसळत होते, तेव्हा वहिनीने घासता घासता मला सांगितलं, की मी गेल्यापासून दर कानबाईला आबा माझ्या नावाची मूठ टाकत. भाऊबंद कुरकुरले, पोरीची मूठ कुठे असते का? तर आबा म्हणाले होते, "तिनं लगीन नही, दुसराना कुळमा ती गयी नही. मंग कोनी शे? आपलीच." माझ्या नावाचा रोट ते स्वतः खात. शुगर होती तरी. पौर्णिमेच्या आत संपायला हवा ना. मी नळ तसाच सोडून मोरीत बसून रडले.

वर्षश्राद्ध झालं आणि यंदा घरात पुन्हा कानबाई बसली. मी दोन दिवस आधीच गेले, त्या पार्सलमधल्या चपला घालून. खरं सांगते, मला देवीचं काही नव्हतं. मला माझं नाव ऐकायचं होतं.

सूप या वेळी भावाच्या हातात होतं. काका, चुलतभाऊ, त्यांची मुलं, स्वतःचा मुलगा, एकेक नाव घेत त्याने मूठ मूठ गहू टाकला आणि सूप बाजूला ठेवलं. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, भाऊ, आबा मनी मूठ टाकेत. त्याने मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाला, "आते आबानीच मूठ नही ऱ्हायनी. तुनी कथाईन टाकू?"

माझी मूठ कुठून टाकू, असं विचारणाऱ्या त्याच्यावर चिडता येईना. त्याचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत आबांच्या उशाशी तोच होता. तरी सूप काही त्याने पुन्हा ओढलं नाही. रात्री पंगत बसली. वहिनीने माझ्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप जास्तच ओतलं. पाहुण्यांना वाढतात ती पोळी. मी ती सगळी खाल्ली. चांगली झाली होती.

इथे लोक विचारतात, गाव कुठलं? मी पाचोरा सांगते. घरी कोण असतं विचारलं की भाऊ-वहिनी म्हणते, आणि ते खोटंही नाही. पण घर म्हणजे काय ते मला आता कळलंय, आणि कळून काही उपयोग नाही. परत आले त्या दिवशी खानावळ उघडण्याआधी मी डब्यातले गहू मुठीत घेतले, ताटात टाकले आणि स्वतःचं नाव घेतलं. सुनंदा. मी आता कुणाची नक्कल करत नाही, माझी मी आहे, सगळं माझं मला करता येतं. हे नाही आलं. ती मूठ दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने टाकायची असते. मी गहू परत डब्यात ओतले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.