सत्तेचाळिसावा देव्हारा

आमच्या गावात विजेचं काम करणारा माणूस एकच, को थिआनसू. नळ गळला तरी त्यालाच बोलवतात, तळ्यावरची मोटर बसली तरी त्यालाच, आणि नवराबायकोचं वाजलं की दोघंही त्याच्याच दुकानात येऊन बसतात, कारण तिथला पंखा चांगला आहे. त्याच्याबद्दल लिहून ठेवायचं माझ्या फार दिवस मनात होतं. माझी शाळा सहावीपर्यंत झाली, पण आमच्या मास्तरांनी हात धरून अक्षर वळवून घेतलं, त्याचा उपयोग एवढ्यासाठी तरी व्हावा.

थिआनसू पलटणीत वायरिंग शिकला. सक्तीची नोकरी संपवून आला आणि देवळासमोर दुकान टाकलं. तेव्हा आमच्याकडे घरटी एक पिवळा बल्ब असायचा, बाकी अंधारच. समुद्राकाठचं गाव. माणसं कालवं फोडायची, तळ्यात मासे पाळायची, आणि दिवेलागण झाली की एका बल्बाखाली जेवून झोपायची. पुढे हाताशी पैसा आला, तशा खोल्या वाढल्या आणि बल्बही वाढले. ते सगळे थिआनसूनं लावले. त्यानंतर ट्यूब आल्या, त्याही त्यानंच लावल्या. मग ते पिळाचे पांढरे दिवे आले, आणि शेवटी एलईडी. एकाच माणसानं एकाच गावातला उजेड चार वेळा बदलला. अख्ख्या तैवानात असे कितीजण असतील मला ठाऊक नाही, आमच्याकडे हा आहे.

उजेड बदलणं सोपं काम आहे असं वाटतं. नाही हो. बुनथोंग खाटकाच्या बायकोनं स्वयंपाकघरात नवा दिवा लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी थेट दुकानात आली.

"काय रे मेल्या, काय लावून ठेवलंस? वीस वर्षांची काजळी दिसायला लागली भिंतीवर. काल सासूबाई आल्या होत्या. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत!"

"मग पुसा की वहिनी."

"तू ये पुसायला! दिवा तुझा."

गेला. खरंच शिडी घेऊन गेला आणि भिंत पुसून आला. असा माणूस.

आणि देवळाच्या ओट्यावर सोंगट्या खेळणारा एक म्हातारा होता. पिवळ्या बल्बाखाली तो वर्षानुवर्षं जिंकत आला. तिथे एलईडी लागला आणि आठवड्याच्या आत हरायला लागला. का, ते कुणी बोललं नाही. त्यानंच एकदा हळूच थिआनसूला गाठून विचारलं, "जुना बल्ब परत बसतो का रे तिथे?"

असो. मला सांगायचं आहे ते देव्हाऱ्यातल्या दिव्यांचं.

आमच्या प्रत्येक घरात मधल्या दालनात देव्हारा असतो. देव असतात, पितरांच्या नावाची लाकडी पाटी असते, आणि दोन्ही अंगांना दोन लहान लाल दिवे. पूर्वी तेलाचे होते. वीज आल्यावर तिथेही बल्ब आले, बोटाएवढे, लाल काचेचे. ते कधी बंद करायचे नाहीत, दिवसा नाही, रात्री नाही, घरात माणूस नसलं तरी नाही.

एका उन्हाळ्यात थिआनसू माझ्याकडे आला. दुपारची वेळ होती. चहा दिला, प्यायला नाही. खिशातून वायरचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी नुसतं चिमटीत धरलं तर वरचं आवरण शेंगदाण्याच्या सालासारखं सुटून आलं. आत उघडी तार.

"मामाच्या देव्हाऱ्यातली आहे," तो म्हणाला. "मागची फळी हाताच्या पंजाएवढी काळी पडलीय, सुईबोकदादा. जळायचंच बाकी होतं."

"कुणी केलं होतं हे काम?"

"मीच."

मग त्यानं सांगितलं. दुकान टाकलं त्या पहिल्या दोन वर्षांत त्यानं गावातल्या सत्तेचाळीस देव्हाऱ्यांत वायर ओढली होती. एवढासा तर बल्ब, त्याला जाड वायर कशाला, म्हणून बारीक टाकली. बल्बाचा हिशोब बरोबर होता. दिवा कधी विझवायचा नाही, हे मात्र हिशोबात धरलं नव्हतं. एकतीस वर्षं रात्रंदिवस तो इवलासा बल्ब तापत राहिला आणि वायर आतल्या आत भाजत राहिली. स्वतःच्या घरातही असेच दोन दिवे, रोज हात जोडणारा माणूस, आणि तरी ध्यानात आलं नाही.

"सगळीकडे वायर बदलतो, आणि एलईडीचे लाल दिवे लावतो," तो म्हणाला. "ते तापत नाहीत. पण दादा, कुणाला सांगू नका. सांगेन मी, पण आधी काम होऊ दे. लोक घाबरतील."

लोक घाबरतील हे खरंच, पण त्यात थोडी लाजही होती, ते मला कळलं. मी हो म्हणालो.

तर थिआनसू घरोघर जायला लागला. म्हणायचा, नवे दिवे आलेत, वीज वाचते, एक योजना आहे, तुम्हाला फुकट. योजना कसली! दुकानाचा माल होता तो. लोक खूश. वायर का बदलतोस असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, नव्या दिव्याला नवी वायर लागते. चार महिन्यांत सेहेचाळीस देव्हारे झाले. राहिला तो एक, माझ्या वहिनीचा.

माझी वहिनी, खुआन. माझा थोरला भाऊ गेला, मुलं शहरात, आणि ही ऐंशीला टेकलेली बाई आमच्या जुन्या घरात एकटी. झोपायची देव्हाऱ्याच्या मागच्याच खोलीत. माझे आईवडील त्या पाटीवर आहेत, भाऊ आहे. भावानं मला वाढवलं आणि वहिनीनं खाऊ घातलं, त्यामुळे तिच्यापुढे माझं तोंड आजही नीट उघडत नाही.

थिआनसूनं तिथेही, माझ्यासमोरच, तेच सुरू केलं. "काकू, नवे दिवे लावू या. वीज फार कमी लागते."

वहिनी कालवं फोडत बसली होती. सुरी थांबली.

"किती कमी?"

"दहातली नऊ वाचते."

"म्हणजे स्वयंपाकघरात मी दोन दिवे लावायचे आणि सासूसासऱ्यांपुढे काटकसर करायची? त्यांनी मला या घरात आणलं तेव्हा दागिने घालून आणलं होतं. काटकसर केली नव्हती. चल, ऊठ."

"काकू, तसं नाही..."

"मग कसं?"

आता कसं ते सांगायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी अंगणातल्या कोंबडीकडे.

पण वहिनी तशी न्यायाची बाई. म्हणाली, "मला विचारू नकोस, त्यांना विचारते. ते हो म्हणाले तर लाव."

आमच्यात पितरांना कौल लावतात. लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. हातात धरून प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर पडली तर हो. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर पितर हसतायत, म्हणजे तुझा प्रश्नच काहीतरी वेडगळ आहे. मोठ्या गोष्टीला ओळीनं तीन हो लागतात.

पौर्णिमेला वहिनीनं फळं ठेवली, अगरबत्ती लावली आणि विचारलं, "वीज वाचवायला तुमचे दिवे बदलायचे का?" टाकल्या. हसले. अमावास्येला पुन्हा. नाही. पुढच्या पौर्णिमेला एक हो पडला, थिआनसू पुढे सरकला, आणि दुसऱ्यांदा परत हसले.

"बघ," वहिनी म्हणाली. "माझा सासरा फार हसायचा नाही जन्मात. तू त्याला दोनदा हसवलंस."

मला हसू आलं, थिआनसूला नाही. तो कपाटासारख्या उंच जुन्या देव्हाऱ्याच्या मागे मान घालून वास घेत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, करपल्याचा वास येतोय. रोज रात्री मी दुकानाच्या गच्चीवरून तुमच्या जुन्या घराकडे बघतो. मगच झोपतो."

"मी सांगू का वहिनीला?"

"तुम्ही नाही."

तेवढंच बोलला आणि गेला. मला वाटलं आता काही दिवस येत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, सणाचा दिवस नाही. धुतलेला शर्ट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले, हातात संत्र्यांची पिशवी. हत्यारं दाराबाहेर ठेवली.

"आज काय आहे?" वहिनीनं विचारलं.

"काकू, आज कौल मी लावतो. लावू ना?"

"तू? आमच्या पितरांना?"

"त्यांच्याशी माझं काम आहे."

वहिनीनं त्याला नीट बघितलं आणि चंद्रकोरी हातात दिल्या. तो गुडघ्यांवर बसला. रीतीप्रमाणे आधी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, देवळासमोर राहतो म्हणून पत्ता सांगितला. मग घसा खाकरला.

"एकतीस वर्षांपूर्वी तुमच्या घरात हे दिवे मीच लावले. वायर बारीक टाकली. अक्कल कमी होती. ती आता जळायला आलीय, आणि काकू मागच्या खोलीत झोपतात. वीज वाचते वगैरे मी म्हणालो, तो बहाणा होता. तुमचा उजेड कमी करायचा नाही मला. माझी चूक मला दुरुस्त करू द्याल का, एवढंच विचारतोय."

टाकल्या. हो.

पुन्हा टाकल्या. हो.

तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा एक चंद्रकोर उडून देव्हाऱ्यापुढच्या टेबलाखाली गेली. आम्ही तिघंही ओणवे झालो. माझी कंबर तिथेच धरली, पण बघितलं मी. बाहेरची सपाट, टेबलाखालची फुगीर. हो!

मी टाळी वाजवली. एवढा म्हातारा माणूस, देव्हाऱ्यासमोर, टाळी!

वहिनी उठली. आत गेली आणि तेलाची जुनी पणती घासून घेऊन आली, कारण मेन स्विच पाडला तर दिवे विझणार, आणि मधल्या वेळात पितरांना अंधारात कसं ठेवायचं? पणती पेटवून ती ओंजळीत धरून उभी राहिली. थिआनसूनं मेन पाडला, देव्हारा पुढे ओढला. मागची फळी काळी ठिक्कर पडली होती. वायरला पक्कड लावली तर तुकडे होऊन खाली पडली. वहिनीनं वाकून एक तुकडा उचलला, बोटांत चुरला, आणि मग मागच्या खोलीतल्या आपल्या पलंगाकडे बघितलं. पलंग त्याच भिंतीला पलीकडून लागून होता.

मला वाटलं आता ऐकवेल त्याला. तिची जीभ मी लहानपणापासून ओळखतो.

"एकतीस वर्षं यातूनच दिवा जळला?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"एकदाही विझला नाही?"

"नाही."

"माझा मुलगा समुद्रावर पलटणीत होता, तेव्हा मी रोज पहाटे उठून आधी हा दिवा बघायची. तो आहे म्हणजे सगळं आहे असं वाटायचं." तिनं तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "तूच लावला होतास तो. आता नीट लाव. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."

जाड वायर पडली, नवे होल्डर बसले. लाल एलईडी लागले तेव्हा वहिनीनं जवळ जाऊन काचेला हात लावला, आणि तो तिथेच ठेवला. जुन्याला असा हात लावता येत नसे. "थंड आहे," म्हणाली. मग सासूसासऱ्यांना मोठ्यानं सांगितलं, "थंड आहे हो! आता मी इथली धूळ रोज पुसणार!"

कालवं घातलेल्या शेवयांचे थिआनसूनं तीन वाडगे खाल्ले. त्या पाच महिन्यांत तो धड जेवला नव्हता, असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं.

जाताना वहिनी म्हणाली, "बाकीच्यांनाही सांग. आमच्या पितरांना सांगितलंस, तर बुनथोंगला सांगायला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी तो देवळाच्या ओट्यावर गेला. म्हातारी मंडळी चहाला जमलेली. मी सोबत होतो, पण त्यानं मला बोलू दिलं नाही. उभा राहून सगळं सांगितलं. सत्तेचाळीस घरं, बारीक वायर, योजना नव्हतीच, सगळं. शेवटी कंबरेत वाकला आणि तसाच राहिला.

ओट्यावरचे कप खाली आले. तिथल्या प्रत्येकाच्या घरात तो देव्हारा होता, आणि त्या घरात नातवंडं झोपत होती. एकेकाच्या तोंडावर ते येताना मला दिसत होतं.

बुनथोंग खाटीक उठला. धिप्पाड माणूस, सुरा चालवणारा हात. थिआनसूच्या समोर जाऊन उभा राहिला.

"म्हणजे ते दिवे आम्हाला फुकट मिळाले ते तुझ्या चुकीमुळे?"

"हो, दादा."

"मग जरा आठवून बघ, आणखी एखादी चूक केलीयस का कुठे. माझ्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळतेय."

ओटा असा हसला की देवळातला पुजारी बाहेर आला. बुनथोंगनं थिआनसूला खांद्याला धरून सरळ केलं, बाकावर बसवलं, आणि स्वतःचा कप त्याच्या हातात दिला. कुणी म्हणालं, पाच महिने एकटाच हे घेऊन फिरलास, वेडा का रे तू? कुणी नुसती त्याची पाठ थोपटली. थिआनसूनं चहा संपवला.

अर्ध्या तासानं तो उठला आणि पाना आणायला दुकानाकडे निघाला. टाकी खरंच गळत होती.