शुल्टेसचं नाक आणि राप बाईंचं व्हिनेगर

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या त्या चार मजली इमारतीत जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जायची आणि त्या दारावर पाटी लटकायची. पण या आठवड्यात झाडणी कुणाची, हे बघायला ती पाटी वाचावी लागत नसे. इर्मट्राउड राप बाईंची पाळी असली की जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवल्यावर बोटच स्वच्छ व्हायचं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी बनियनच्या कारखान्यात शिवणीतल्या चुका शोधल्या होत्या. निवृत्त झाल्यावर चुका शोधायला घर तेवढं उरलं.

आणि अशा बाईंचा बोका घरभर मुतत होता.

बोक्याचं नाव शुल्टेस, म्हणजे तिकडच्या बोलीत सरपंच. वजन सात किलो, चालही तशीच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याच्या मूत्राशयात खडे झाले, वाट तुंबली आणि सरपंच तीन दिवस नळी लावून दवाखान्यात पडले. घरी सोडताना डॉक्टर सेविम आरास यांनी बाईंना बजावलं होतं, "राप बाई, आता एकच काम. याची शू रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. त्याच्या वाळूच्या पेटीत झाली तर भिजलेल्या वाळूचा गोळा बघून किती झाली ते कळेल. नुसता कुंथत बसला आणि काही आलं नाही, तर मग वाट बघायची नाही, त्याच पावली इकडे यायचं. पुन्हा तुंबलं तर दिवसा-दोन दिवसांत जीव जातो."

बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन कामाला लागल्या. झाकणाची नवी पेटी आणली. लॅव्हेंडरच्या वासाची वाळू आणली. पेटी न्हाणीघरात, धुण्याच्या यंत्राशेजारी मांडली आणि सकाळ-संध्याकाळ कडक व्हिनेगरने घासली.

शुल्टेसने पेटी हुंगली, शिंकला आणि जाऊन पायपुसण्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशवीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांवर. बाई त्याला उचलून पेटीत ठेवायच्या, तो चारी पंजे काठांवर टेकवून उभा राहायचा, जणू खाली उकळतं तेल आहे.

"बस ना रे," बाई म्हणायच्या. "बस. मी बघत नाही. बरं, बघते, पण तिरकी बघते."

तो बाईंकडे बघायचा. बाई वाळूकडे. असं वीस मिनिटं.

अखेर बाईंनी दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, तो मुद्दाम करतो."

"मुद्दाम नाही हो. दुखत होतं तेव्हा तो पेटीत बसला होता, त्याच्या डोक्यात पेटी म्हणजे दुखणं. पेटी उघडी ठेवा, मोठी ठेवा, यंत्रापासून लांब. आणि धुता कशाने?"

"व्हिनेगरने."

"किती वेळा?"

"दोनदा. झाडणीच्या पाळीच्या आठवड्यात तीनदा, हातासरशी."

"राप बाई, त्याला स्वतःचा वास यायला हवा. गोळे काढा, गरम पाण्याने विसळा. बिनवासाची वाळू. बस्स."

"बस्स म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच."

बाईंनी फोन ठेवला आणि फोनलाच सांगितलं, "माझ्या घरात मुतारी नुसत्या पाण्याने धुणार म्हणे. शिकलेली मुलगी आहे, पण आई काय म्हणेल हिची." पेटीचं झाकण त्यांनी काढलं, पेटी बैठकीच्या कोपऱ्यात नेली, बिनवासाची वाळू भरली. व्हिनेगर मात्र सोडलं नाही. थोडंच घेतलं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

शनिवारी सकाळी घरात कुठेच ओल नव्हती. बाईंनी गालिचा हुंगला, पिशवी हुंगली, बूटसुद्धा हुंगले. काल संध्याकाळपासून थेंब नाही. गेले बारा दिवस ज्या डागावर त्या चिडल्या होत्या, तो एक डाग दिसावा म्हणून त्या गुडघ्यांवर रांगत होत्या.

फोनवर डॉक्टर म्हणाल्या, "लगेच निघा."

बाईंनी शुल्टेसला वेताच्या टोपलीत घातलं आणि खाली उतरल्या. पाळी त्यांचीच होती. बाहेर बर्फ गोठलेला, म्हणून कुणी घसरू नये यासाठी फुटपाथवर टाकायच्या वाळूची पेटी त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी पहाटेच उघडून ठेवलेली. रुंद, बुटकी, झाकण बाजूला काढलेली. टोपलीची कडी नीट बसली नव्हती. शुल्टेस बाहेर पडला, पेटीत चढला, एक खड्डा उकरला, वळून दुसरा उकरला आणि बसला.

वरून तिसऱ्या मजल्यावरचे गाइगर गुरुजी उतरत होते. निवृत्त गणित शिक्षक. इमारतीचे नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावले होते.

"राप बाई," ते म्हणाले, "ती वाळू सगळ्यांची आहे."

"गप्प बसा."

"मी नियम सांगतोय."

"गुरुजी, तोंड बंद आणि पाय जिथे आहेत तिथे. तो करतोय."

गुरुजी सहाव्या पायरीवर एक पाय अधांतरी ठेवून थांबले. जिन्यात आवाज आला. बारीक नाही, तुटक नाही. सलग. थांबेचना.

"बरंच आहे," गुरुजी हळूच म्हणाले.

"मोजा," बाई म्हणाल्या.

"सतरा सेकंद. पाय टेकवू का?"

तरी बाई दवाखान्यात गेल्याच. डॉक्टरांनी पोट चाचपलं, मूत्राशय मऊ लागलं. "कशात केली?" त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांच्या भुवया सगळं बोलल्या.

दुपारी गुरुजी दार वाजवून उभे. हातात सिमेंट कालवायचं रुंद घमेलं. "आमच्या तळघरात पडून होतं. सगळ्यांची वाळू तेवढी वाचेल." मग आत डोकावत, "ती जुनी पेटी कशाने धुता?"

"गरम पाण्याने."

"नुसत्या?"

बाईंनी जिन्यात वर-खाली पाहिलं, कुणी ऐकत नाही ना.

"नुसत्या," त्या म्हणाल्या. "आणि हे इमारतीत कुणाला सांगितलंत, तर तुमचा पाय अधांतरीच राहील."

आतून खरखर ऐकू आली. जुन्या पेटीत वाळू उकरली जात होती. बाईंनी गुरुजींच्या तोंडावर दार लावलं आणि बघायला धावल्या.