पायांवर सांडलेली जिन

सोलापूर जवळ आले की आधी गिरण्यांच्या चिमण्या दिसतात. त्या दिसताच मी बाकाखालची पेटी पायाने आत सारली. पेटीत जिनच्या दोन बाटल्या आणि एक बरणी होती. मुंबईच्या ज्या विलायती दारूच्या पेढीत मी नोकरी करतो, तिने गिरणीच्या साहेबांच्या क्लबात नमुने चाखवण्यासाठी मला धाडले होते. वाचकहो, मी जन्माने जंगम (लिंगायतांचे गुरू). वडिलांनी घरोघर पूजा केली, आणि मी दारू विकतो. मुंबईत हे कुणी विचारत नाही, म्हणून माझे बरे चालले होते.

उतरलो मल्लप्पांकडे. हे कापडाचे व्यापारी, वडिलांचे शिष्य. "बर्री स्वामी, बर्री (या)!" म्हणत त्यांनी माझी पेटीच हातात घेतली.

"लई जड हाय की! काय हाय आत?"

"औषधं," मी म्हणालो. थाप इतकी चटकन आली की माझे मलाच नवल वाटले.

श्रावणी सोमवार होता. मल्लप्पांच्या आई, ज्यांना सगळे आव्वा म्हणतात, या दिवशी जंगमाचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून घेतात आणि त्याला जेवू घालतात. तोवर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. त्यांच्याकडे नेहमी येणारे जंगम स्वामी अक्कलकोटहून दुपारी यायचे होते, त्यामुळे मी सुटलो. चहा घेतला आणि टांगा केला.

क्लब म्हणजे कडुनिंबांच्या सावलीतला एक बैठा बंगला. व्हरांड्यात टेबल मांडले होते. आत शिरण्यापूर्वी मी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या आत सारली आणि कोटाची वरपर्यंत बटणे लावली. एरवी मी इतका टापटिपीचा नाही.

पहिली लंडन ड्राय. कोरडी, कडसर, लिंबाची साल चावल्यासारखी. जुनिपर नावाच्या विलायती झुडपाच्या फळाचा वास तिच्यात सगळ्यांत पुढे. दुसरी ओल्ड टॉम. हिच्यात साखर असते. जिभेवर लाडीगोडी करते आणि घशात गेल्यावर आपले खरे रूप दाखवते. तिसरी हॉलंड्स, डच लोकांची, मातीच्या उभट बरणीतली. रंग किंचित पिवळसर, चव जाड, आणि वास पावसात भिजलेल्या पोत्यातल्या धान्यासारखा. मॅनेजरसाहेबांना गोड आवडली, तरुण साहेबांना कोरडी. एक म्हातारा इंजिनियर मात्र बरणी सोडायला तयार नव्हता.

चाखणाऱ्याने गिळायचे नसते, चूळ भरून थुंकायचे असते. एवढ्याच आधारावर मी आजवर स्वतःला निर्व्यसनी म्हणवून घेत आलो. म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू स्वतः थुंकतोस ते आम्ही का प्यावं?" सगळे हसले. मग मी हॉलंड्सचा एक घोट गिळला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, फक्त हसले होते.

परतताना टांगा खड्ड्यात आदळला. बरणीचे बूच उडाले आणि उरलेली सगळी जिन माझ्या धोतराच्या सोग्यावर आणि पायांवर सांडली. टांगेवाला मागे वळून म्हणाला, "क्या गिऱ्या साब? बास (वास) लई तेज है!" परसातून गुपचूप आत जाऊन पाय धुवावेत, असा बेत करीत मी दारात उतरलो.

दारातच आव्वा उभ्या होत्या. हातात तांब्याचे ताट, ओठ कोरडे पडलेले.

"आलात स्वामी! त्या स्वामींना ताप आला म्हन. सकाळधरनं वाट बघायलोय. कुंदर्री (बसा)."

पाट मांडलाच होता. त्या गुडघे धरून खाली बसल्या आणि माझ्या पायांकडे हात नेला. याच पाटावर माझे वडील बसत.

मी पाय ओढून घेतले. "आव्वा, धुऊ नका. पायांवर दारू सांडली आहे. एक घोट पोटातही गेलाय. पेटीत औषधं नाहीत, दारूच आहे."

मल्लप्पांनी आधी उठून रस्त्याकडचे दार लोटले. कुणी ऐकू नये म्हणून. ते दार लोटणे मला थोबाडीत बसल्यासारखे लागले. आव्वांनी ताट उचलून देवापुढे ठेवले.

"आंगूळ करून घ्या. वाढते."

"आणि तुम्ही?"

"मी आज ऱ्हाते तशीच. तुमी पावणं हाय की. तुमी उपाशी न्हाय ऱ्हायाचं."

त्यांनी मला हुग्गी (गव्हाची खीर) वाढली, वर तूप घातले, पुन्हा पुन्हा आग्रह केला. त्या दिवसभराच्या तहानलेल्या बाईसमोर बसून मी जेवलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. नाही म्हणून पान सोडून उठायचेही धैर्य झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा स्टेशनावर पोचवायला आले. शेंगाचटणीची पुडी माझ्या हातात देत ते खाली बघून म्हणाले, "आव्वानं सांगितलंय, पुढच्या येळी आदी घरी तिच्याकडनं पाय धुवून घ्या, मग तुमच्या कामाला जावा."

पेढीत मी व्यवस्थित सांगितले: मॅनेजरला गोड आवडली, तरुणांना कोरडी. मालक खूश झाले. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको नेहमीप्रमाणे माझ्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात आली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि माझे पाय मीच धुतले.