व्हॉल्वची जोडी
तापलेल्या धुळीचा वास आला की मला नेरचं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला एकसारख्या व्हॉल्वची, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांची, जोडी हवी होती. आमच्याच घरी जेवून मोठा झालेल्या माझ्या मित्राने ती आणून विकली. ‘‘दोन्ही सारखेच हायेत, मी सोता तपासले,’’ तो म्हणाला. पण आवाज फाटू लागला. वडील म्हणाले, ‘‘माहेच कान गेले असतीन.’’ मी व्हॉल्व घेऊन नेरला गेलो. दुकानातल्या मिस्त्रीने ते तपासणीच्या यंत्रावर लावले. एकाला काटा सरळ वर गेला, दुसऱ्याला जेमतेम थरथरला. त्या दुसऱ्याच्या काचेवरचा नवा छाप मिस्त्रीच्या ओल्या अंगठ्याने पुसला गेला; खाली जुनाच छाप होता. तिथूनच मी मित्राला फोन लावला. तो हसला. ‘‘अबे, बुढ्याले कायचा फरक समजते?’’ वडील अजूनही विचारतात, ‘‘तो काहून येत नाही आता?’’ मी म्हणतो, ‘‘कामात असते.’’