जावळाचा सोयरा

रापो खेचरं हाकायचा, आणि अल्बानियाच्या फौजेचा सरसेनापती त्याचा सोयरा होता.

लढाईच्या साली तेफिकच्या मांडीत जर्मनांची गोळी बसली, तेव्हा रापोनं त्याला खेचरावर आडवा घालून डोंगर पार केला. पुढं तेफिक चढत चढत सरसेनापती झाला. तिरानात बंगला, छातीवर पदकं. पण रापोला पोरगं झालं तेव्हा मोटार खालीच सोडून तो चालत वर आला आणि आगिमचं जावळ त्यानं आपल्या हातानं कातरलं. आमच्या डोंगरात जावळ कातरणारा घरचा होतो, भावापेक्षा काकणभर जास्तच. त्या दिवसापासून रापोनं तेफिकचं नाव घेतलं नाही. सोयरे म्हणायचं, बस्स.

मग हुकूमशहाला वेड लागलं. वैऱ्यावर आतून गोळ्या झाडायला वावरावावरात सिमेंटचे बुटके बुरूज उठले. बैठकीत तेफिक बोलून गेला, "वैरी यायच्या आधी आपलीच पोरं ह्या डबड्यांत बुडून मरतील. पाणी साचतंय." महिना उलटायच्या आत तो गद्दार ठरला.

हुकूम निघाला, गावोगाव सभा घ्या, एकेकानं उठून त्याला शिव्या घाला. आगिम अफसरांच्या शाळेत होता. सानियेनं नवऱ्याला, रापोला, पढवायला घेतलं.

"म्हना, तेफिक गद्दार हाय."

"तेफिक गद्दार हाय."

"जरा रागानं! खेचराला बोलता तसं."

"खेचरानं काय केलंय?"

सभेत पक्षाचा सेक्रेटरी नुरी म्हणाला, "ऊठ रापो. पोराची शाळा तुझ्या तोंडावर हाय."

रापो उठला. टोपी काढली.

"सोयरे गद्दार हायेत."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू गिळलं.

"पुन्ना बोल. नाव घिऊन."

रापोनं तोंड उघडलं, पण नाव काही जिभेवर येईना. "माज्या पोराच्या डोस्क्याला हात लावलाय त्यांनी," तो म्हणाला. "तुमाला काय करायचं ते करा." आणि खाली बसला.

तेफिकला गोळ्या घातल्या. कुठं पुरला, कुणी सांगितलं नाही. आगिम ट्रंक घेऊन घरी आला आणि खेचरांमागं लागला.

"येक शब्द गिळता आला न्हाई तुमास्नी?" सानिये म्हणाली.

"गिळला हुता गं. वर आला."

आगिम बापाशी हिवाळाभर बोलला नाही. एकदा नुरीनं वाटेत गाठलं. "बाप चुकला म्हनून सही कर. शाळा परत मिळंल."

आगिम खेचराचा पट्टा आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"लाकडं आनायचीत," तो म्हणाला. "येळ न्हाई मला."