गाडी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या नव्या गाडीला हॉर्न होता आणि इंजिनही होतं. फक्त दोन्ही एका वेळी चालत नसत.

म्हणजे हॉर्न दाबला की इंजिन बंद. पुन्हा किल्ली फिरवली की गाडी शहाण्यासारखी सुरू. पुन्हा हॉर्न, पुन्हा बंद. पेणच्या शोरूममधून गाडी बाहेर काढताना हे आम्हाला कळलंच नाही, कारण तिथे हॉर्न वाजवायची वेळच आली नाही. माझा धाकटा भाऊ सुहास रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "जरा थांबा हो, आमच्या ताईची गाडी निघतेय." (एक रिक्षावाला थांबला नाही, त्याच्याशी सुहास अजून बोलत नाही.)

गाडी पेणलाच घ्यायची हा हट्ट माझा. माहेर पेण, सासर रोहा आणि रोह्याच्याच शाळेत मी मास्तरीण, त्यामुळे हट्ट करायची सवय घरीदारी दोन्हीकडे. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे दिवस. आमच्या आळीत गाडी कुणाकडेच नव्हती. सासूबाईंचं म्हणणं, गाडी मुंबईहून आणावी.

"पेणला गणपती घ्यावा, पापड घ्यावा. गाडी कोण घेतो गो पेणला?"

"आई, पेणचा माल एकदा घेऊन तर बघा," मी ठसक्यात म्हटलं. पुढे वर्षभर हे वाक्य मला सकाळ-संध्याकाळ परत मिळत राहिलं.

तर गाडी निघाली. चालवायला आमचे हे. ह्यांची धाटावच्या कंपनीत नोकरी आणि स्वभाव इतका भिडस्त, की भाजीवाल्याने सुकलेली मेथी दिली तर घरी येऊन "वाटेत सुकली असेल" म्हणतील. वडखळच्या नाक्यावर, जिथे अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, नेमकी एक म्हैस आडवी आली. ह्यांनी हॉर्न दाबला. म्हैस हलली नाही, पण आमची गाडी थांबली. मागे गोव्याला जाणारे, पुढे अलिबागला वळणारे, मधे आम्ही आणि म्हैस.

"बंद पडली?" मागच्या सीटवरून सासूबाई.

"नाही आई, थांबलीय," हे म्हणाले.

"थांबलीय की बंद पडलीय?"

किल्ली पुन्हा फिरवायचं कुणाला सुचलंच नाही, हे उतरून गाडी ढकलायला लागले. तेवढ्यात मागचा ट्रकवाला उतरून आला. त्याने गाडीचा हार पाहिला, कुंकवाचं स्वस्तिक पाहिलं.

"नवी काय?"

"आत्ताच घेतली," हे नम्रपणे म्हणाले.

"मग ढकलताय कशाला?"

तासाभरापूर्वी पेढे वाटून घेतलेली गाडी, आणि मी काठाची साडी नेसून तिला ढकलायला उतरतेय. नागोठण्यापर्यंत ती अजून चार वेळा बंद पडली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की हे सगळं हॉर्नमुळे होतंय. मी म्हटलं, "अहो, हॉर्नला हातच लावू नका." तिथून रोह्यापर्यंत गाडी सुरळीत आली आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू दुरुस्तीच झाली.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा शोरूम गाठलं. मालक शेठ गोड बोलणारे. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "पण बाई, हॉर्न वाजवायचाच कशाला? आवाज किती वाढलेत हल्ली."

मी हबकलेच. "शेठ, नवी गाडी आहे ही."

"नवी आहे म्हणूनच. नवी सून रुळायला वेळ लागतो का नाही? तसंच हे."

त्यांच्या माणसाने बॉनेट उघडून काहीतरी केलं. त्यानंतर हॉर्न दाबला की इंजिन चालू राहायला लागलं, पण डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरायला लागले. भर उन्हात काच पुसत आम्ही घरी आलो. पुन्हा नेली, तर वायपर थांबले आणि हॉर्नचं मूळ दुखणं परत आलं. असे हेलपाटे किती झाले ते आता विचारू नका. दर खेपेला शेठचा चहा मात्र चांगला असायचा.

माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात ते खरं. सासूबाई पुढच्या सीटवर बसायला लागल्या. बाजारपेठेतून जाताना खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन त्या ओरडायच्या, "बाजूला व्हा गो बायांनो, गाडी येतेय!" लोक हॉर्नला हलत नाहीत, पण सासूबाईंना हलायचे. आणि रस्ता मोकळा झाला की त्या आत वळून मला म्हणायच्या, "पेणचा माल, नाय का?"

माहेरी मात्र मी चकार शब्द काढला नाही. सुहासचा फोन आला की मी म्हणायची, "गाडी अगदी छान. रोह्यात सगळे वळून बघतात." खोटं नव्हतंच ते.

शेवटी शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "अगं, रडतेस काय? अलिबागला ग्राहक मंच आहे. नवी गाडी सदोष निघाली तर बदलून द्यायला लावतात." मला हे माहीतच नव्हतं. आजवर बिघडलेली वस्तू म्हणजे आपलं नशीब, एवढंच मी समजत होते. मी तक्रार ठोकली. शेठने उत्तरात कळवलं की गाडी उत्तम आहे, मंडळींना हॉर्न दाबायची पद्धत ठाऊक नाही. ते ऐकून माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशी सातवी ब ला उगाच व्याकरण शिकवलं.

मग मंचाने सांगितलं, आमचा तज्ज्ञ माणूस रोह्याला येऊन गाडी तपासेल आणि तो म्हणेल ते खरं. मला तर आकाश ठेंगणं झालं. साहेबांनी हॉर्न दाबायचा, गाडीने मान टाकायची, आणि मी नवी कोरी गाडी घेऊन सासूबाईंसमोर ताठ मानेने उभं राहायचं. एवढं सोपं काम होतं.

मी घरी जाहीर केलं, "रविवारी अलिबागहून साहेब गाडी बघायला येणार आहेत."

इथेच मी फसले. आमच्या घरात कुणी काही बघायला येणार म्हटलं की हातपाय आपोआप एकाच दिशेने चालतात. माझ्या तीन नणंदा याच ओटीवर दाखवल्या आणि इथूनच उजवल्या. सासूबाईंचा त्यात हातखंडा. पाहुण्याला काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा.

रविवारी सकाळी मी ओटीवर आले आणि दारातच खिळले. गाडी उटणं लावल्यासारखी चकचकीत धुतलेली. झेंडूचा हार, पुढे रांगोळी, मागच्या सीटवर नणंदेने विणलेलं क्रोशाचं आसन. चाकाच्या वर पत्र्याला चरा होता, त्यावर कुंकवाचं मोठं बोट ओढलेलं.

"आई, हे काय चाललंय?"

"परका माणूस येतोय. अशीच दाखवायची व्हय बावळ्यासारखी?"

"अहो, ती वाईट आहे हेच तर दाखवायचंय."

"ते बघतील ते. तू पोहे भिजव."

साहेब आले. वयस्कर, किडकिडीत, हातात हत्यारांची पिशवी, बोलणं बेताचं. दोन बशा पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गाडीत जाऊन बसले. इंजिन सुरू केलं. मी पदर खोचून जवळ उभी.

"हॉर्न दाबतो," साहेब म्हणाले.

"दाबा ना," मी म्हटलं. माझ्या आवाजात लग्नघरातला आनंद होता.

हॉर्न वाजला. असा खणखणीत वाजला की शेजारच्यांच्या कोंबड्या परसात पळाल्या. आणि इंजिन चालूच. साहेबांनी पुन्हा दाबला, लांब दाबला, तालात दाबला. इंजिन आपलं घुमतंय.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शेजारच्या जास्वंदीकडे बघत होते.

"अहो?"

"काल गजाभाऊंकडून वायर बदलून घेतली," हे हळूच म्हणाले. गजाभाऊ म्हणजे शेजारी, ह्यांच्याच कंपनीत फिटर. "म्हटलं, साहेब एवढे लांबून येणार आणि त्यांच्यासमोर आपली गाडी बंद पडणार. कसं दिसतं ते?"

"अहो, तसंच दिसायला हवं होतं!"

"हो. ते मला मागाहून सुचलं."

साहेब उतरले आणि सासूबाईंकडे वळले. माझ्या जिवात जीव आला. या बाईने वर्षभर गाडीची सालं काढली होती, आता सगळं बाहेर येईल.

"आजी, गाडीचा काही त्रास?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "त्रास? छे हो. गुणाची हाय. कधी वर आवाज केला नाय तिनं." (हॉर्न आम्ही वाजवतच नसल्याने हे अक्षरशः खरं होतं.) "पेट्रोल पण बेतानं पिते. चार माणसांत न्यावी अशी हाय."

"मग तक्रार कशाची?"

"आमची सूनबाई जरा तापट हाय."

मी त्यांना धरून आत स्वयंपाकघरात नेलं. "आई, वर्षभर मला पेणच्या मालावरून टोचून खाल्लंत आणि आज हे काय?"

"ते घरात गो," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "घरात मी तुला हजारदा बोलीन. पण परक्यापुढं आपल्या घरच्याला नावं ठेवायची? तुझ्या माहेराहून आलीय ती. मी नाय ठेवायची."

मला इतका राग आला होता की समोरचं भांडं आपटावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी भरूनही आलं होतं. सोळा वर्षांच्या संसारात त्या माझ्या माहेराबद्दल पहिल्यांदा बरं बोलल्या, आणि तेही माझी केस बुडवायला. मी डोळे पुसून बाहेर आले.

साहेब बॉनेटमध्ये वाकले होते. हा माणूस काही खुळा नव्हता. त्यांनी दोन बोटांत एक वायर धरली.

"ही कालपरवाची. आणि इथे आत बघा बाई, जुन्या जोडाचं प्लास्टिक वितळलंय. मुळातली जोडणीच चुकलेली आहे." ते सरळ झाले. "पाहुणा आला म्हणून तुम्ही सगळ्यांनी झाकपाक केलीत, कळलं मला. माझ्याही घरी असंच करतात. तुम्ही फक्त एवढं सांगा, दोष पहिल्या दिवसापासून होता ना? हो म्हणा, मी तसं लिहितो. गाडी बदलून मिळेल."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक 'हो', आणि गाडी माझी. मी तोंड उघडलं.

साहेब फडक्याला हात पुसत सहानुभूतीने म्हणाले, "घेतलीत कुठून?"

"पेणहून."

"तरीच. पेणचा माल तो. वरून रंगरंगोटी आणि आतून पोकळ."

पुढे काय झालं ते मला ह्यांनी नंतर सांगितलं. मी म्हणे कमरेवर हात ठेवले.

"साहेब, आत्ता दोन बशा पोहे खाल्लेत ते कुठले वाटले? पेणचे. तुमच्या घरी गणपती बसतो तो कुठला? पेणचा. त्याच्या डोळ्यांकडे बघून कधी वाटलं पोकळ आहे म्हणून? आणि मी कुठली? मीही पेणचीच. विचारा यांना, सोळा वर्षांत कुठे बिघडलेय का!"

हे घाईघाईने "नाही, नाही" म्हणाले.

"अहो बाई, मी गाडीबद्दल बोलतोय," साहेब म्हणाले.

"गाडीबद्दलच सांगतेय. पेणच्या मालात खोट नसते. या गाडीतही नाही!"

"नक्की?"

"नक्की. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मग पिशवी उचलली आणि नमस्कार करून निघाले. ह्यांनी बॉनेट अलगद बंद केलं. तेव्हा कुठे माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. मी तिथेच रांगोळीवर बसले. मागून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोललीस," आणि उरलेले पोहे मला आणून दिले.

केस अर्थातच निकाली निघाली, शेठच्या बाजूने. सोमवारी गजाभाऊ येऊन आपली वायर परत घेऊन गेले, ती उसनी होती. आणि पेणच्या शेठने काय करावं? शोरूमच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेतलं: 'पेणच्या मालात खोट नसते. या गाडीतही नाही. एक समाधानी ग्राहक, रोहा.'

हे मला कळलं ते दिवाळीत. भाऊबीजेला सुहास आला, एसटीने, घामाघूम.

"अरे, तूही गाडी घेतलीस ना गेल्या महिन्यात?"

"घेतली. त्याच शोरूममधून. तिथे भिंतीवर वाचलं, शेठ म्हणाले तुमच्या ताईंचेच शब्द. मग मी दुसरीकडे कशाला बघतोय?"

मी निरांजन खाली ठेवलं. "मग एसटीने का आलास?"

"गाडी वडखळला आहे," सुहास म्हणाला.

मग मी त्याला पाटावर बसवून सगळं सांगितलं, म्हैस, शेठ, वायर, पोहे, सगळं. त्याचा चेहरा पांढराफटक. त्याला तर वर्षभर वाटत होतं की ताईची गाडी अगदी छान आहे. ऐकून झाल्यावर तो म्हणाला की त्याने वकील गाठलाय आणि तो मंचात जाणार आहे.

"जाच तू," मी म्हटलं. "आणि साक्षीला मी येते. शेठला असा सोलते की बघ. या गाडीची खोट माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

सुहासने ताटातली करंजी उचलली आणि परत ठेवली.

"ताई, वकिलांना मी तुझं नाव सुचवलं होतं," तो चाचरत म्हणाला. "ते म्हणाले, साक्षीला वाटेल त्याला आणा, शोरूमच्या शेठला आणलंत तरी मी सांभाळून घेईन. फक्त रोह्याच्या ताईंना त्या दिवशी घराबाहेर पडू देऊ नका."