काकू आणि क्वितोची उंची

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. दर शनिवारी सकाळी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या आमच्या घरी पोहे होतात, टेबलावर फोन उभा करून ठेवला जातो आणि तिकडे क्वितोहून वसुधाकाकू बोलायला लागतात. मग ते आपोआप साचतात.

काकू म्हणजे मंदारची आई. मंदार आमच्या ग्रुपमधला, पुलांचा इंजिनिअर. त्याला इक्वेडोरच्या राजधानीत काम मिळालं. शहर डोंगरात, दोन सिंहगड एकावर एक ठेवले तरी त्याहून उंच. आणि काकूंना थोडा दमा.

"महिनाभर बघू. तिथले डॉक्टर नको म्हणाले, तर नोकरी सोडून आईला घेऊन परत येईन," मंदार म्हणाला. आम्हाला घोर लागला. माझी लेक इरा मात्र निवांत. "आजी विल बी स्वीट ॲज." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम मस्त.

*

जाताना काकूंनी चिवड्याची, शेवेची पाकिटं इथल्या इंडियन दुकानात मशीनवर सील करून घेतली होती. क्वितोत बॅग उघडली तर सगळी टम्म फुगलेली. फुगलं म्हणजे नासलं! काकूंनी ती थेट कचऱ्यात टाकली.

"काकू, वर हवा विरळ, म्हणून पाकीट फुगतं," आमच्या ग्रुपमधल्याच नितीननं समजावलं. "चिवडा चांगलाच होता."

काकूंनी स्क्रीनवरून नितीनची बशी न्याहाळली.

"हे तू पोहे खात खात सांगतोस?"

*

क्राइस्टचर्चला उन्हाळ्यात नऊ वाजून गेले तरी उजेड. तिन्हीसांजेचा दिवा कधी लावायचा, यावरून काकूंचं आणि सूर्याचं कायम वाजलेलं. जेवणं आटोपायची, दिवा राहायचाच. क्वितो विषुववृत्ताला खेटून, तिथे बारा महिने सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो.

"इतकी वर्षं परदेशात काढली," काकू म्हणाल्या, "शिस्तीचा सूर्य आत्ता भेटला."

*

एकदा मंदारनं त्यांना जुनं शहर दाखवलं. स्पॅनिश फौज चालून आली, तेव्हा शहर त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंका सरदारानं ते स्वतःच जाळलं, हेही सांगितलं.

"मग त्या स्पॅनिशांना मिळालं काय?"

"राख, आई."

"घासली असतील भांडी."

*

महिना संपला. तिकडे शुक्रवार दुपार, डॉक्टरांकडे जायची. इकडे आमचा शनिवार, पण पोह्यांना कोणी हात लावला नाही.

फोन वाजला. मंदारच होता, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसत्या धापा.

"मंदार, अरे बोल ना. काकू कशा आहेत?" नितीन उभाच राहिला.

पुन्हा धापाच.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आधी खाली बस तू. दे इकडे फोन."

काकूंचा आवाज! आमचा जीव भांड्यात पडला.

"डॉक्टर म्हणाले, खुशाल राहा," काकू म्हणाल्या. "आमची लिफ्ट बंद आहे रे आज. याला हाताला धरून वर आणलाय."